लाईट जाता जाता

बीड जिल्ह्यात शेतातली मोटार कधी चालू करायची हे शेतकऱ्याच्या हातात नसतं. शेतीच्या फिडरला थ्री फेज वीज पाळीने मिळते. काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री, आणि तीही आठ तासांच्या आसपास. रात्रीची पाळी असली की ऐन झोपेत लाईट येते. विहीर किंवा बोअर घरापासून लांब, वाटेत अंधार, साप-विंचवाची भीती. २०२० च्या अखेरीस आष्टी तालुक्यात बिबट्याच्या हल्ल्यांत माणसं दगावली, तेव्हापासून त्या भागात रात्री रानात जाणं आणखी जिवावरचं झालं. त्यातच दिवाळीच्या सुमाराला या जिल्ह्यातून लाखो माणसं ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. मागे राहतात ती म्हातारी माणसं आणि लेकरं. अशा घरात लाईट आल्यावर मोटार आपोआप चालू करणारी किंवा फोनवरून चालू-बंद होणारी पेटी ही चैनीची वस्तू राहत नाही.

ही पेटी महाराष्ट्राला नवी नाही. पुण्याच्या संतोष ओस्तवाल यांनी आजोबांची शेतावरची पायपीट पाहिली होती. त्यांनी मोबाइलवरून पंप चालवणारं ‘नॅनो गणेश’ हे यंत्र तयार केलं, आणि २००९ मध्ये त्याला नोकिया कंपनीच्या स्पर्धेत पारितोषिक मिळालं. आज अशी यंत्रं अनेक जण बनवतात. तालुक्याच्या बाजारात ती ‘मोबाइल स्टार्टर’ किंवा ‘ऑटो’ म्हणून मागितली जातात. प्रत्येकाच्या आत, सिमकार्डाच्या शेजारी, नखाएवढा एक मायक्रोकंट्रोलर असतो. हे प्रकरण त्याच्या मेमरीविषयी आहे. कारण पेटी बिघडली असं आपण म्हणतो, तेव्हा पुष्कळदा एकही भाग जळालेला नसतो. आतला एखादा आकडा बदललेला असतो.

तो आकडा कसला, ते आधी पाहू. पाच एचपीची थ्री फेज मोटार साधारण सात-आठ अँपिअर घेते. तिने आठच्या वर घेतले तर काहीतरी अडलंय, बंद करा. आणि फार कमी घेतले तर बोअरचं पाणी उतरलंय, मोटार कोरडी फिरतेय, बंद करा. या दोन मर्यादा पेटीत साठवलेल्या असतात. लाईट आल्यावर किती सेकंद थांबायचं, कोणत्या फोन नंबरचं ऐकायचं, हेही तिथेच. समजा वरची मर्यादा अँपिअरच्या दहाव्या भागात ८० अशी लिहिली आहे. चिपच्या भाषेत ८० म्हणजे ०१०१०००० ही आठ बिटांची ओळ. यातला पहिला शून्य एक झाला की आकडा होतो २०८, म्हणजे २०.८ अँपिअर. पेटीवरचे दिवे नेहमीसारखेच लागतात, फोन लावला की मोटारही चालू होते. फक्त तिच्यावरची राखण उठलेली असते. पुढे एक फेज गेला की वायंडिंग जळतं. मग बोअरमधून पाइपासकट मोटार वर काढायची, ती रिवायंडिंगला न्यायची, आणि तोवर पिकाच्या एक-दोन पाळ्या चुकवायच्या. एका बिटाची ही किंमत शेतकरी भरतो. चिप निवडणारा किंवा प्रोग्रॅम लिहिणारा ती भरत नाही. म्हणूनच मला हा विषय तांत्रिक कोपऱ्यात टाकून देण्याजोगा वाटत नाही.

हे होतं कधी? वीज नसताना ही कायमची मेमरी सुरक्षित असते. चिप बंद असते, कोणी काही लिहीत नाही. वीज नीट असतानाही ती सुरक्षित असते. धोका आहे तो मधल्या वेळेत, लाईट जाता जाता आणि येता येता, जेव्हा चिप पुरती जागीही नसते आणि पुरती बंदही नसते. शहरातल्या प्रयोगशाळेत हा मधला काळ डोळ्यांचं पातं लवायच्या आत संपतो. शेतातल्या फिडरवर तो मिनिटभर रेंगाळू शकतो. याच जिल्ह्यात परळीला १९७१ पासून औष्णिक वीज केंद्र आहे, पण विहिरीवरचा व्होल्टेज ठरतो तो डीपीपासून मोटारीपर्यंतच्या तारेच्या लांबीवर, त्या डीपीवर किती मोटारी आहेत यावर, आणि त्यातल्या किती एका क्षणी उठतात यावर. चालू होताना मोटार नेहमीच्या पाच ते सातपट करंट ओढते. ऑटोस्विच लावलेल्या सगळ्या मोटारी लाईट आल्याबरोबर एकदम उठल्या की व्होल्टेज कोसळतो, कॉन्टॅक्टर सुटतात, भार कमी होतो, व्होल्टेज वर येतो, आणि पुन्हा सगळ्या उठतात. ऑटोस्विच काढा, कपॅसिटर बसवा, असं महावितरण वर्षानुवर्षं सांगत आलंय ते यामुळेच. त्यात एक फेज गेलेला असेल, तर बाकीच्या मोटारींतून उलट फिरून येणारा अर्धामुर्धा व्होल्टेज पेटीतल्या छोट्या ट्रान्सफॉर्मरला मिळत राहतो. चिपसाठी याहून वाईट स्थिती नाही. आणि नेमक्या याच घडीला प्रोग्रॅम आपली साठवण वाचत असतो, ‘मोटार चालू झाली’ अशी नोंद लिहीत असतो.

लिहिणं म्हणजे चिपच्या आत काय घडतं? १९६७ मध्ये बेल लॅब्जमधल्या डावोन कांग आणि सायमन झी यांनी एक कल्पना मांडली. ट्रान्झिस्टरच्या आत, चारी बाजूंनी काचेसारख्या ऑक्साइडने वेढलेला एक धातूचा कप्पा ठेवायचा आणि त्यात इलेक्ट्रॉन अडकवायचे. वाट नसल्याने ते वर्षानुवर्षं तिथेच राहतील. इंटेलच्या डोव्ह फ्रोमन यांनी १९७१ मध्ये यातून पुसता येणारी मेमरी बनवली. ती पुसायला अतिनील दिवा लागे. विजेने पुसता येणारी ईईप्रॉम आणि मग तोशिबाच्या फुजिओ मासुओका यांनी १९८४ मध्ये जगापुढे ठेवलेली फ्लॅश मेमरी ही याच घराण्यातली. ऑक्साइडची ही भिंत जेमतेम दहा नॅनोमीटर जाड असते. तिच्यातून इलेक्ट्रॉन पलीकडे ढकलायला पाच व्होल्ट पुरत नाहीत, म्हणून चिप स्वतःच्या पोटात पाचाचे दहा-पंधरा व्होल्ट करून घेते. ते करायला तिला काही मिलिसेकंद लागतात, आणि तेवढा वेळ बाहेरून स्थिर वीज लागते.

मधेच वीज ढासळली की कप्पा अर्धवट भरतो. हा अर्धवटपणा वाईट, कारण तो लगेच उघडा पडत नाही. आज वाचलं तर शून्य, उन्हात तापलेल्या पत्र्याच्या पेटीत दुपारी वाचलं तर एक. एटीमेगा ३२८पी ही चिप छोट्या पेट्यांमध्ये आणि विद्यार्थ्यांच्या आर्दुइनो बोर्डावर सर्रास असते. तिचं माहितीपत्रक साठवण ८५ अंश तापमानात २० वर्षं आणि २५ अंशांत १०० वर्षं टिकेल असं सांगतं. पण ते नीट भरलेल्या कप्प्याविषयी. अर्ध्या भरलेल्याची हमी कोणी देत नाही.

दुसरा धोका याहून विचित्र आहे. व्होल्टेज कमी पडला की प्रोसेसर थांबत नाही, तो चुकीचं वाचू लागतो. पुढची आज्ञा भलतीच समजते, भलत्याच ठिकाणी उडी पडते, आणि ती उडी मेमरीत लिहिणाऱ्या भागात पडली तर काय लिहिलं जाईल आणि कुठे, याला धरबंध नसतो. एटीमेगा ज्या एव्हीआर घराण्यातली आहे, त्यातल्या जुन्या चिपवर हात बसलेले लोक साठवणीचा शून्य क्रमांकाचा कप्पा मुद्दाम रिकामा ठेवतात. अशा भरकटलेल्या वेळी पत्ता शून्यावर येऊन पहिला घाव तिथेच बसतो, असा त्यांचा अनुभव आहे.

यावरचा सगळ्यात स्वस्त उपाय चिपमध्ये फुकट बसवलेला असतो. त्याला ब्राउन-आउट डिटेक्टर म्हणतात. व्होल्टेज ठरलेल्या पातळीखाली गेला की तो प्रोसेसरला रिसेटमध्ये धरून ठेवतो, म्हणजे भरकटायला तो जागाच राहत नाही. एटीमेगा ३२८पी मध्ये १.८, २.७ आणि ४.३ व्होल्ट अशा तीन पातळ्या निवडता येतात. पण कारखान्यातून चिप येते ती हा पहारेकरी बंद ठेवून. बॅटरीवर चालणाऱ्या यंत्रात तो थोडी वीज खातो, म्हणून तो चालू करायचा की नाही हे वापरणाऱ्यावर सोडलेलं असतं. ज्याला हे ठाऊक नाही त्याची पेटी पहारेकऱ्याशिवाय शेतात जाते आणि टेबलावरच्या सगळ्या चाचण्यांत पास झालेली असते.

आर्दुइनो उनो बोर्डावर पहारा चालू असतो, २.७ व्होल्टवर. पुष्कळ जण तिथेच निश्चिंत होतात. पण तोच बोर्ड १६ मेगाहर्ट्झने पळतो, आणि माहितीपत्रकातला आलेख पाहिला तर त्या वेगाला सुमारे ३.८ व्होल्ट तरी हवेत. म्हणजे ३.८ ते २.७ या पट्ट्यात चिप वेगाने पळतेय, वीज अपुरी आहे, आणि पहारेकरी मात्र सगळं ठीक म्हणतोय. बीडच्या फिडरवर चिपला मिळणारा व्होल्टेज याच पट्ट्यातून संथपणे खाली उतरतो. पातळी ४.३ वर न्या, नाहीतर वेग ८ मेगाहर्ट्झवर आणा. मोटार चालू-बंद करणाऱ्या पेटीला १६ मेगाहर्ट्झ लागतच नाहीत. माझ्या मते या एका बदलाने अशा पेट्यांची निम्म्याहून अधिक दुखणी जातील, आणि त्याला एक पैसाही लागत नाही.

चिप बनवणाऱ्यांनी आणखी एक कुलूप दिलेलं असतं. एव्हीआरमध्ये एक बिट आधी उंचवावा लागतो आणि त्यानंतर चिपच्या घड्याळाच्या चार ठोक्यांच्या आत दुसरा, तरच लिहिणं सुरू होतं. पिक या दुसऱ्या घराण्यातल्या चिपमध्ये सोळाच्या मोजणीतले ५५ आणि एए हे दोन आकडे ओळीने पाठवावे लागतात. भरकटलेल्या प्रोसेसरला हे योगायोगाने जमणं अवघड. तरी यात एक फट राहते. लिहिणाऱ्या भागाच्या अगदी सुरुवातीला उडी पडली, तर दोन्ही किल्ल्या तिथेच लिहिलेल्या असतात आणि कुलूप शिस्तीत उघडतं. म्हणून जाणता प्रोग्रॅमर अर्धी किल्ली बाहेर ठेवतो. शेतकऱ्याने सेटिंगचं बटण दाबलं किंवा त्याच्या नंबरवरून आदेश आला, तर तो भाग एक खुणेचा आकडा पुढे देतो. लिहिणारा भाग आधी तो आकडा तपासतो, मग व्होल्टेज मोजतो, आणि दोन्ही बरोबर असतील तरच कुलपाला हात लावतो. काम झाल्याबरोबर खूण पुसतो.

एवढं करूनही लिहिता लिहिता लाईट जाणार, हे धरून चालावं लागतं. इथे महसुली कारभारातली एक जुनी शहाणी रीत उपयोगी पडते. जमीन विकली की तलाठी सातबारावरचं जुनं नाव लगेच खोडत नाही. आधी फेरफार नोंदवहीत नवी नोंद होते, नोटीस निघते, मंडळ अधिकारी ती नोंद प्रमाणित करतो, आणि मगच सातबारा बदलतो. मधे काहीही अडलं तरी जुनी नोंद शाबूत असते. चिपमध्ये हेच करायचं. सेटिंगसाठी दोन जागा ठेवायच्या. जुनी माहिती एकीत असेल तर नवी दुसरीत लिहायची: आधी अनुक्रमांक, मग आकडे, आणि सगळ्यात शेवटी या सर्वांवरून काढलेला पडताळा. पेटी चालू झाली की दोन्ही जागांचे पडताळे तपासायचे. जिचा जुळतो आणि जिचा अनुक्रमांक मोठा, ती खरी. लिहिताना मधेच वीज गेली तर नव्या जागेचा पडताळा जुळणार नाही, आणि पेटी मुकाट्याने जुन्या सेटिंगवर चालेल. शेतकऱ्याचं एक बदललेलं सेटिंग जाईल, राखण जाणार नाही.

हा पडताळा नुसत्या बेरजेचा नसावा. बेरजेत एक आकडा वाढला आणि दुसरा तेवढाच घटला की चूक लपते. पीटरसन आणि ब्राउन यांनी १९६१ मध्ये मांडलेली सीआरसीची रीत यासाठी आहे. सोळा बिटांचा सीआरसी एका बिटाची कोणतीही चूक पकडतो आणि सलग सोळा बिटांपर्यंतची खराबीही सोडत नाही. एक बारकावा: गणित शून्यापासून सुरू केलं तर सगळीकडे शून्य भरलेल्या मेमरीचा पडताळाही शून्यच येतो आणि ती खरी ठरते. सुरुवात शून्येतर आकड्याने करावी.

चूक पकडण्यापलीकडे जाऊन ती दुरुस्तही करता येते, हे बेल लॅब्जमधल्याच रिचर्ड हॅमिंग यांनी १९५० च्या निबंधात दाखवलं. सुटीच्या दिवसांत लावून ठेवलेली गणितं यंत्र एका चुकीपायी सोडून देई, याचा त्यांना वैताग होता. आज महागड्या मायक्रोकंट्रोलरांच्या फ्लॅशमध्ये ही सोय आतच असते. आकाशातून येणाऱ्या कणांनी बिट उलटतो हेही खरं आहे. २००३ साली बेल्जियमच्या स्कारबेकमध्ये एका उमेदवाराला संगणकाने ४०९६ मतं जास्त दिली होती. ती बरोबर दोनाचा बारावा घात, म्हणजे एकच बिट, आणि संशय वैश्विक किरणांवर गेला. पण आपल्या शेतातल्या पेटीचा दोष आकाशाला देण्याआधी डीपीपासूनची तार पाहावी.

मेमरी न बिघडताही संपते. एटीमेगा ३२८पी च्या ईईप्रॉमचा एक कप्पा एक लाख वेळा लिहिता येतो. हा आकडा प्रचंड वाटतो, म्हणून कोणीतरी मोटार किती वेळ चालली ते दर सेकंदाला लिहीत बसतो. एक लाख सेकंद म्हणजे अठ्ठावीस तासही नाहीत. दर मिनिटाला लिहिलं आणि मोटार रोज आठ तास चालली, तर २०८ दिवस. पेटी एक हंगाम काढते आणि पुढच्या हंगामात वेड्यासारखी वागू लागते. यावर उपाय आहे: आकडा रॅममध्ये, म्हणजे तात्पुरत्या मेमरीत, मोजत राहायचा आणि लाईट जाताना एकदाच लिहायचा. त्यासाठी ट्रान्सफॉर्मरच्या बाजूचा, म्हणजे पाच व्होल्ट होण्याआधीचा व्होल्टेज चिपने पाहत राहायचा. तिथले बारा व्होल्ट घसरायला लागले की आधी रिले सोडायचा, कारण तोच सर्वांत जास्त करंट खातो, आणि मग सोळा बाइट लिहायचे. एका बाइटला ३.४ मिलिसेकंद धरले तर सुमारे ५५ मिलिसेकंद लागतात. चिपचे वीस मिलिअँपिअर आणि बारावरून सातपर्यंतची घसरण धरली, तर २२० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर कसाबसा पुरतो, आणि ४७० चा निश्चिंतपणे. दुकानात तो काही रुपयांत मिळतो.

आता रॅमकडे. या चिपमध्ये ती २ किलोबाइट असते, आणि तिथे खराबी विजेमुळे कमी, लिहिणाऱ्याच्या हिशोबामुळे जास्त येते. एक उदाहरण आपल्या भाषेचंच घ्या. इंग्रजी एसएमएस १६० अक्षरांचा असतो, म्हणून प्रोग्रॅमर आलेला संदेश ठेवायला १६० अक्षरांची जागा आखतो. टेबलावर तो इंग्रजीतच आदेश पाठवून पाहतो, सगळं चालतं. पेटी शेतात जाते. तिच्या सिमवर कोणाचा तरी मराठी संदेश येतो, पीकविम्याचा किंवा रिचार्जचा. मराठी एसएमएसमध्ये ७० चिन्हं मावतात, पण मॉडेम प्रत्येक चिन्ह चार अंकी संकेतात लिहून चिपकडे देतं. झाले २८०. वरचे १२० शेजारच्या आकड्यांवर सांडतात, आणि त्या शेजारात अँपिअरची मर्यादा असू शकते. आणखी वाईट म्हणजे, प्रोग्रॅम ठराविक वेळाने रॅममधलं सेटिंग कायमच्या मेमरीत उतरवत असेल, तर हा सांडलेला आकडा तो पूर्ण शिस्तीत, बरोबर सीआरसी लावून लिहून ठेवेल. पडताळा एवढंच सांगतो की लिहिलं ते तसंच राहिलं. जे लिहिलं ते खरं होतं का, हे तो सांगू शकत नाही.

म्हणून संदेश घेताना जागा मोजूनच घ्यायचा, उरलेला सोडून द्यायचा. सेटिंग फक्त माणसाच्या आदेशावरूनच लिहायचं. आणि लिहिण्याआधी आणि वाचल्यावर अर्थ तपासायचा: पाच एचपीच्या पेटीत २०.८ अँपिअरची मर्यादा असूच शकत नाही. मोठ्या आर्म चिपमध्ये रॅमच्या भागांना कुंपण घालणारी सोय असते, या छोट्या चिपमध्ये ती नाही. इथे सुरुवातीला रिकामी रॅम एका ठराविक आकड्याने भरून ठेवतात आणि महिनाभर चालवून तिच्यातली किती जागा अजून तशीच आहे ते पाहतात.

सगळं करूनही दोन्ही प्रती गेल्या, तर पेटीने काय करावं? यावर बनवणाऱ्यांत मतभेद आहेत. काहींच्या मते मोटार चालू ठेवावी, पीक वाळू नये. मला हे पटत नाही. पाण्याची एक पाळी चुकली तर भरून काढता येते, बोअरमध्ये जळालेली मोटार आठवडा खाते आणि हंगामाचा पैसा खाते. पेटीने मोटार थांबवावी आणि तसं बोलावं: लाल दिवा लावावा, प्रोग्रॅममध्ये कायमच्या बसवलेल्या नंबरवर फोन करावा, आणि तोही मराठीत. गप्प राहून चुकीच्या आकड्यावर चालणं तिला कधीच करू देऊ नये.

हे सगळं पारखायला मोठी प्रयोगशाळा लागत नाही. बीडच्या किंवा अंबाजोगाईच्या तंत्रनिकेतनाच्या वर्कशॉपमध्ये असतो तसा डिमरस्टॅट, म्हणजे व्होल्टेज हवा तसा कमी-जास्त करणारा ट्रान्सफॉर्मर, पुरतो. पेटीच्या ट्रान्सफॉर्मरला तो जोडा आणि पूर्ण व्होल्टेजवरून शून्यापर्यंत एका मिनिटात उतरवा, तितक्याच संथपणे वर न्या. मग अर्ध्याच्या आसपास थांबून हात वर-खाली हलवत राहा, रिले कडकड वाजेल असा. ज्या क्षणी पेटी सेटिंग लिहिते त्या क्षणी वीज तोडा, पुन्हा जोडा, पुन्हा तोडा. शेजारी खरा कॉन्टॅक्टर उघड-मीट करत ठेवा, त्याच्या कॉइलचा झटका पेटीला लागू द्या. हे रात्रभर चालू द्या आणि सकाळी मेमरी बाइट-बाइट वाचून आदल्या दिवशीच्या नोंदीशी ताडून पाहा. एखादा आकडा बदललेला आहे आणि पेटीने तक्रार केलेली नाही, असं एकदा जरी झालं, तरी ती पेटी शेतात पाठवू नये.